फिरत्या घरांचा मुक्काम कुठे?

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, तेव्हा सर्वसामान्य प्रतिक्रिया कुतूहलापलीकडे गेली नाही. झोपण्याची जागा, छोटेसे स्वयंपाकघर आणि शौचालय पोटात घेऊन धावणारी मोटार आपल्याला अजूनही प्रामुख्याने नटनट्यांच्या ‘व्हॅनिटी’मुळेच माहीत. अशा वाहनातून कुटुंबाने आठ-पंधरा दिवस हिंडावे, थांबायचे तेव्हा रीतसर नोंदलेल्या कॅराव्हॅन पार्कमध्ये थांबावे आणि तेथे पाणी, वीज, रस्ता या सोयी असाव्यात, असा या धोरणाचा आशय. पार्क खासगी जमिनीवर उभारता येईल, तसाच पर्यटन महामंडळाच्या जागेतही. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे. धोरणामागचा युक्तिवादही समंजस आहे: जेथे पक्के बांधकाम करता येत नाही, किंवा जेथे चांगल्या निवासाची सोयच नाही, अशा ठिकाणी पर्यटकाने आपले घर सोबत न्यावे.

या युक्तिवादाची परीक्षा महाबळेश्वर किंवा गणपतीपुळे येथे होणार नाही. तेथे हॉटेलांची वाण नाही. ती यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या गावी होईल. यवतमाळ–अमरावती रस्त्यावरचे हे तालुक्याचे ठिकाण. कागदोपत्री नेर-नबाबपूर, लोकांच्या तोंडी नेर परसोपंत. नगरपरिषद, तहसील कचेरी, बसस्थानक, आठवडी बाजार, कापूस, सोयाबीन आणि तूर. पर्यटनाच्या नकाशावर या गावाला टिंबही मिळणार नाही. परंतु फिरत्या घराला याच जातीचे गाव हवे असते. स्वतः प्रेक्षणीय नसलेले, पण चार दिशांना चार वाटा फुटणारे.

त्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. पश्चिमेकडे कारंजा लाड, म्हणजे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दत्तभक्तांचे गुरुमंदिर तेथे आहेच. शिवाय जैन भट्टारकांच्या जुन्या पीठांमुळे हे गाव अभ्यासकांनाही परिचित. त्याच तालुक्यात काळविटांचे कारंजा-सोहोळ अभयारण्य. त्यापुढे मानोरा तालुक्यातील पोहरादेवी, बंजारा समाजाची काशी. तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‍घाटन झाले आहे. यवतमाळच्या पलीकडे कळंबचा चिंतामणी, जमिनीच्या पातळीखाली उतरून ज्याचे दर्शन घ्यावे लागते. आणखी दूर, पांढरकवड्याच्या बाजूला, टिपेश्वरचे वाघ. ज्यांना आगगाडीचे वेड आहे त्यांनी दारव्ह्याला जाऊन बंद पडलेल्या ‘शकुंतले’चे रूळ पाहावेत. एका गावी चार-पाच रात्री मुक्काम ठोकून रोज एक दिशा धरावी, असा हा मुलूख आहे.

आता मुंबई-पुण्याचे एखादे कुटुंब खरोखरच असे वाहन घेऊन येथे आले, तर त्याचा दिवस कसा जाईल? समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण झाला असून तो शेजारच्या कारंजा व नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून जातो. त्यामुळे येण्याचा प्रश्न सुटलेला आहे. प्रश्न सुरू होतो तो इंजिन बंद केल्यावर. फिरत्या घरात पाण्याची टाकी बेताची असते. चार माणसांनी आंघोळीचा शहरी शिरस्ता चालू ठेवला तर ती दुसऱ्या दिवशीच कोरडी पडते. साहजिकच भांडी तांब्याभर पाण्यात विसळणे, अंग पुसून घेणे, कपडे तीन दिवसांनी धुणे हे आपोआप शिकावे लागते. बॅटरीवर दिवे, पंखा आणि छोटा शीतकपाट चालतो. पण विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या डब्यात रात्र काढायची तर वातानुकूलन हवे आणि त्यासाठी बाहेरून वीजजोडणी हवी. खरी अडचण मात्र टाकाऊ पाण्याची. मोरीचे पाणी एका टाकीत, शौचालयाचे दुसऱ्या टाकीत जमते आणि ही दुसरी टाकी दर दोन-तीन दिवसांनी कुठेतरी रिकामी करावी लागते. अमेरिका-युरोपात त्यासाठी ठिकठिकाणी सोय असते आणि रिकामी करण्याचे दरही ठरलेले असतात. आपल्याकडील तालुक्याच्या गावात जेथे नगरपरिषदेची गटारेच उघडी वाहतात, तेथे हा प्रश्न कुणाला विचारायचा, हेही पाहुण्याला उमगणार नाही.

थांबायचे कुठे, हा त्याहून आधीचा प्रश्न. पेट्रोल पंप, ढाबा, मंगल कार्यालयाचे आवार, ओळख निघाली तर सरकारी विश्रामगृह, नाही तर बाजाराचे मोकळे मैदान. बाजाराच्या आदल्या रात्री तेथूनही उठावे लागेल. कोणत्याही ठिकाणी तासाभरात कुणीतरी येऊन विचारपूस करील. कुठले, कशासाठी आलात, किती दिवस? विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा आपुलकीच असेल, कारण वाहन महागडे आहे. हा शेवटचा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

कारण याच रस्त्यांवर, याच बाजारमैदानांच्या कडेला, फिरती घरे पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. कॅराव्हॅन हा शब्द मूळ फारसी ‘कारवाँ’वरून युरोपची वारी करून आला. आपल्या भाषेत या जगण्याचे शब्द कधीच कमी नव्हते: तांडा, डेरा, पाल, बिऱ्हाड, मुक्काम. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण सहज म्हणतो. पण ज्यांचे बिऱ्हाड खरोखरच उंटाच्या किंवा बैलाच्या पाठीवर आहे, त्यांच्या मुक्कामाचे धोरण आपण कधी लिहिले नाही.

विदर्भात कापूस वेचून झाला, तुरी निघाल्या, की मोकळ्या शिवारांत कच्छी रबाऱ्यांचे कळप दिसू लागतात. गावकरी त्यांना सरसकट ‘काठेवाडी’ म्हणतात. काही बिऱ्हाडांचा मिळून एक डेरा असतो आणि डेऱ्याचा एक कर्ता. मेंढ्या-शेळ्या हे त्यांचे धन. उंट म्हणजे त्यांचे वाहन आणि घर एकाच वेळी. पहाटे बायका बाजा, गोधड्या, भांडी, पाण्याची पिंपे आणि त्यावर एखादे लेकरू किंवा नुकते जन्मलेले कोकरू अशी रास उंटावर रचतात. पुरुष कळप घेऊन चराईला निघतात, बिऱ्हाड दुसऱ्या वाटेने पुढच्या मुक्कामी पोहोचते. तेथे बाजा उतरवल्या की भिंती नसलेले घर तयार. जवळच्या गावात दळण, तेल-मीठ, दवाखाना, मोबाइलचे चार्जिंग. शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेतो, मेंढ्यांच्या लेंड्यांचे व मुताचे खत त्याला मिळते, डेऱ्याला धान्य किंवा रोख रक्कम मिळते. रासायनिक खतांचे भाव चढले की या जुन्या व्यवहाराची आठवण शेतकऱ्याला अधिक येते. म्हणजे हे लोक या मुलखाच्या शेतीव्यवस्थेचा भाग आहेत, त्यांना उपरे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

तरीही त्यांचा प्रत्येक मुक्काम दुसऱ्याच्या मर्जीवर. शेतमालकाची संमती, गावाची संमती, जंगलाच्या कडेला वनखात्याचा आडकाठी. पाणी मिळेल ते. शौचालयाचा तर विषयच नाही. डेऱ्यातील बाईला अंधाराची वाट पाहण्याखेरीज पर्याय नाही. आणि समृद्धी महामार्ग, जो मुंबईच्या कॅराव्हॅनला आठ तासांत विदर्भात आणून सोडतो, तो कुंपणबंद असल्यामुळे डेऱ्याला अडसर होतो. कळप आणि उंट त्याच्या खालच्या भुयारी मार्गानेच पलीकडे जाऊ शकतात. एका फिरत्या घराची वाट सुकर करणारा रस्ता दुसऱ्या फिरत्या घराला वळसा घालायला लावतो.

जानेवारी २०२२ मध्ये नेरपासून फार दूर नसलेल्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले आणि ते घेऊन निघालेल्या पाच कच्छी पशुपालकांना अटक केली. हे उंट कत्तलीसाठी हैदराबादकडे नेले जात असल्याची तक्रार होती. पशुपालकांचे म्हणणे असे, की विदर्भातील आपल्या नातलगांच्या डेऱ्यांना सामान वाहण्यासाठी उंट लागतात, ते पोहोचवायला आम्ही निघालो आहोत. न्यायालयाने माणसांना जामीन दिला. उंट मात्र अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत ठेवले गेले. झाडपाल्यावर जगणारा, रोज मैलोन्‌मैल चालणारा हा प्राणी तेथे दावणीला लागला. पुढे न्यायालयाच्या आदेशाने उंट मालकांना परत मिळाले. प्राण्यांविषयीच्या कळवळ्यावर शंका घेण्याचे कारण नाही. उंटांची चोरटी वाहतूक देशात होते, हेही खरे. परंतु ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतून हे डेरे वर्षानुवर्षे ये-जा करतात, तेथे उंट दिसला की घर आठवू नये, कत्तलखाना आठवावा, यात आपल्या प्रशासकीय कल्पनाशक्तीची मर्यादा दिसते. कॅराव्हॅन जप्त झाली असती तर राहते घर जप्त झाले, असे आपण लगेच म्हटले असते.

या अविश्वासाला जुना कायदेशीर पाया आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर शिक्का मारला, त्यांच्यात फिरस्त्यांचा भरणा मोठा होता. एका जागी न राहणे हाच ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लेखी संशयाचा आरंभ होता. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि पोलिसांच्या नोंदवह्या नव्या नावाने चालू राहिल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंग नियमावल्यांमधील जातिभेद घटनाबाह्य ठरवला. तेव्हा त्या नियमावल्यांत ‘भटकी टोळी’ असा प्रकार अजून जिवंत असल्याचे देशाला समजले. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये, असे न्यायालयाने बजावले आहे. पण अविश्वास फक्त पोलिसांचा असता तर प्रश्न सोपा होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मंगळवेढ्याकडची ती माणसे परगावी मुक्कामाला होती, एवढेच त्यांच्याविरुद्धचे पुरावे.

(टिपेश्वरच्या एका वाघाची गोष्ट या संदर्भात आठवते. जून २०१९ मध्ये तो बाहेर पडला, शेते, गावे, रस्ते ओलांडत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात पट्टा होता आणि त्याच्या प्रत्येक मुक्कामाची कौतुकाने नोंद होत होती. ‘वॉकर’ हे नाव त्याला मिळाले. वाघाला रहिवासी दाखला लागत नाही.)

माणसाला लागतो. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातीचे प्रमाणपत्र हवे असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी आपले पूर्वज राज्यात कुठे राहत होते, हे दाखवावे लागते. ज्याच्या आजोबांची ओळखच ते कुठे राहत नव्हते अशी होती, त्याच्या नातवाने हा पुरावा शोधायचा! नेरच्या आठवडी बाजारात विळे-कुऱ्हाडींना धार लावून देणारे घिसाडी कुटुंब असो किंवा बैलगाडी जाऊन ‘छोटा हत्ती’ टेम्पोवर आलेले दुसरे एखादे बिऱ्हाड, प्रत्येकाची कथा थोड्याफार फरकाने हीच. वाहन बदलले, पाल ताडपत्रीचे झाले, हातात मोबाइल आला. थांबण्याच्या अधिकारात बदल झाला नाही.

भटक्यांसाठी सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राने १९६१ पासून या जमातींची वेगळी यादी केली, पुढे आरक्षण दिले. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला, त्यात देशातील विमुक्त-भटक्यांची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज होता. त्यानंतर भिकू रामजी इदाते यांचा आयोग झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने ‘सीड’ योजना जाहीर केली: पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपये, त्यांत शिकवणी, आरोग्य विमा, उपजीविका आणि घरे. दहा कोटी माणसे आणि २०० कोटी रुपये हा भागाकार वाचकांनीच करावा. राज्यात यशवंतराव चव्हाण यांच्या नावाची मुक्त वसाहत योजना आहे, तांडा-वस्त्यांच्या सुधारणेची योजना आहे. या सगळ्यांचे सूत्र मात्र एकच, ते म्हणजे स्थिर व्हा, मग आम्ही पाहू.

स्थिर होण्यात वावगे काही नाही. बहुसंख्य भटक्यांना आज तेच हवे आहे. याच जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुली या तांड्यावर १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. रेल्वेने बंजाऱ्यांची बैलांवरची मीठ-धान्याची वाहतूक मोडली, तांडे जमिनीला टेकले आणि त्यातून शेती, शिक्षण, राजकारण उभे राहिले. शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा २०१२ साली सुरू केली. शाळेला एक जागा लागते, रोजचे एक दार लागते. (त्या शाळेच्या काही बांधकामावरही पुढे समृद्धी महामार्गाची आखणी आली, हा योगायोग मोठा बोलका.) पालावरच्या जगण्याचे रम्य चित्र रंगवणाऱ्यांनी पालावरच्या बाळंतपणाचीही चौकशी करावी. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ वाचून हळहळलेल्या मराठी वाचकाला तरी हे वेगळे सांगायला नको.

परंतु स्थिरतेचा हा आग्रह एका मर्यादेपलीकडे आंधळा होतो. ज्याचा धंदाच चालत राहण्याचा आहे, त्या मेंढपाळाला घरकुल दिले तरी वर्षातले सात-आठ महिने तो रानातच असणार. ऊसतोड मजूर गावी घर असूनही सहा महिने कोपीत राहतो. अशा माणसांसाठी हक्क माणसाबरोबर चालले पाहिजेत, आणि तसे करता येते, हे सरकारनेच दोन-तीन ठिकाणी सिद्ध केले आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही व्यवस्था २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. कार्ड असेल तर धान्य कोठेही उचलता येते. स्थलांतरित मुलांना राज्यात शिक्षण हमी कार्ड दिले जाते, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. बेघर माणसाच्या मतदार नोंदणीसाठी पत्त्याचा कागद मागितला जात नाही. तो सांगितलेल्या ठिकाणी रात्री झोपतो की नाही, हे अधिकारी जाऊन पाहतो. अंमलबजावणीची रड आहेच. पण तत्त्व मान्य झाले आहे. राहिले आहे ते फक्त थांबण्याच्या जागेचे.

या एका बाबतीत पाश्चात्त्य देशांचा अनुभव पाहण्याजोगा आहे, आणि तो फारसा गौरवाचा नाही. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने जिप्सींच्या कॅराव्हॅनसाठी तळ पुरवणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. १९९४ साली ते बंधन काढून घेतले गेले, तळ कमी पडत गेले आणि रस्त्याकडेचा मुक्काम वाढला. मग २०२२ साली परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीवर वाहनात राहण्याविरुद्ध कठोर फौजदारी तरतूद आली. आधी जागा द्यायची नाही, मग जागा नाही म्हणून शिक्षा करायची, असा हा क्रम. फ्रान्सने जुलै २००० मध्ये पाच हजारांहून अधिक वस्तीच्या गावांवर फिरस्त्यांसाठी तळ उभारण्याची जबाबदारी टाकली. अनेक नगरपालिका त्यात मागे आहेत, पण निदान न उभारणाऱ्यांना जाब विचारता येतो. नेरची वस्ती पाच हजारांच्या कितीतरी पुढे आहे.

अमेरिकेत जाऊन आलेले आपले नातलग आरव्ही भाड्याने घेऊन यलोस्टोनला गेल्याची छायाचित्रे पाठवतात. त्या देशातही हे वाहन केवळ सुट्टीचे राहिलेले नाही. २००८ च्या मंदीनंतर घर गमावलेले साठी-सत्तरीचे लोक व्हॅनमध्ये राहून हंगामी मजुरी करतात. त्यांच्यावरचा ‘नोमॅडलँड’ हा चित्रपट २०२१ च्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. तेथील सार्वजनिक जमिनींवर साधारणपणे चौदा दिवस फुकट मुक्काम करता येतो, मग पुढे सरकावे लागते. शहरांत मात्र जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने उघड्यावर झोपण्यास मनाई करून दंड करण्याचा नगरपालिकांचा अधिकार मान्य केला. त्या गावच्या नियमांत मोटारीत मुक्काम करणेही बसत होते. थोडक्यात, भाड्याच्या आरव्हीतल्या पर्यटकाचे स्वागत आणि तशाच वाहनात नाइलाजाने राहणाऱ्याला दंड, ही विभागणी त्या श्रीमंत देशालाही टाळता आलेली नाही.

आपण ती टाळू शकतो, कारण आपली सुरुवात आता होत आहे. कॅराव्हॅन धोरणात जे पार्क आहेत, त्यांचे साधे, स्वस्त, सार्वजनिक रूप तालुक्याच्या गावी उभारायला हवे. नेर नगरपरिषदेने बाजाराजवळ किंवा बाह्य रस्त्यालगत दोन-तीन एकर सरकारी जागा राखून ठेवावी. तेथे नळ, स्त्रियांसाठी वेगळी व दिवे असलेली शौचालये, आंघोळीच्या खोल्या, मैला टाकी रिकामी करण्याची बंदिस्त सोय, विजेचे खांब, कचऱ्याचे डबे आणि दिवसाचा ठरावीक दर. कॅराव्हॅनला वीजजोडणीसह जास्त, पालाला नाममात्र. कळप अर्थातच तेथे येणार नाहीत, ते रानातच बसतील. मात्र डेऱ्यातील बाळंतीण, आजारी म्हातारा, शाळेत जाणारे पोर यांना मुक्कामी राहता येईल, लसीकरणाच्या पथकाला त्यांचा ठावठिकाणा कळेल. शहरी पाहुण्याला रात्री निर्धास्त झोप लागेल आणि सकाळी टाकी भरून पोहरादेवीला निघता येईल. सोयी दोघांना सारख्याच हव्यात. फक्त एकाने त्या मागितल्यावर धोरण होते, दुसऱ्याने मागितल्या की अतिक्रमण.

यावर आक्षेप येतील आणि ते सगळेच उडवून लावण्यासारखे नाहीत. एकदा जागा दिली की तेथे कायमची झोपडपट्टी होईल, हा पहिला. मुदत ठरवून आणि दर आकारून तो बऱ्याच अंशी निकालात काढता येतो. फ्रान्समध्ये तळांवरील मुक्कामाला मुदत असते. पैसा कुठून, हा दुसरा. पर्यटनासाठी ज्या सवलती खासगी पार्कवाल्यांना देऊ केल्या आहेत, त्या नगरपरिषदेला का नकोत? तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो भटक्यांच्याच बाजूने येईल. अशा तळावर नोंदवही आली की पोलिसांची रोजची हजेरी सुरू होईल. जुन्या काळच्या कुंपणातल्या वसाहती याच वाटेने आल्या होत्या. सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण अजून पुसलेली नाही. म्हणून तळाचा ताबा गृहखात्याकडे जाता कामा नये. कॅराव्हॅनवाल्याची नोंद जेवढी, पालवाल्याची तेवढीच, एवढा नियम पाळला तरी पुरे.

आणि हे जमणार नाही, असे महाराष्ट्राच्या प्रशासनाने तरी म्हणू नये. दर आषाढी वारीला आळंदी-देहूहून लाखो माणसे चालत निघतात, दिंड्यांचे तंबू आणि भांडीकुंडी मालमोटारींतून पुढच्या मुक्कामी जातात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी विदर्भ-मराठवाडा ओलांडून पंढरपूर गाठते. त्या वाटांवर टँकर, फिरती शौचालये, औषधोपचार पथके, राखीव मैदाने, सगळे ठरल्या दिवशी उभे राहते. पालखीतळ हा शब्द आपल्या महसूल दप्तराला परका नाही. अहिल्याबाईंच्या बारवा आणि धर्मशाळांचा वारसा सांगणाऱ्या राज्यात पांथस्थाची सोय ही मुळात नवी कल्पनाच नव्हे. आपण ती पुण्यापुरती आणि उत्सवापुरती राखून ठेवली, एवढेच.

हा सारा विषय निकडीचा होण्याचे आणखी एक कारण म्हणजे जनगणना. २०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तीत जातींचीही नोंद व्हायची आहे. विमुक्त-भटक्यांची स्वतंत्र गणना व्हावी, ही त्यांच्या संघटनांची जुनी मागणी. पण मोजण्यासाठी माणूस आधी सापडावा लागतो. जनगणनेच्या व्याख्येत इमारतीत न राहणारे, उघड्यावर, रस्त्याकडेला, पुलाखाली, मोठ्या नळांत किंवा मंडपात राहणारे कुटुंब ‘बेघर’ ठरते. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत गणक त्यांना शोधायला बाहेर पडले आणि देशभरात सुमारे १७.७ लाख माणसे नोंदली गेली. ज्या देशात भटक्या-विमुक्तांची संख्या दहा कोटींच्या घरात सांगितली जाते, तेथे हा आकडा काय सांगतो? यातील बरेच लोक आता घरात राहतात, हे एक उत्तर. जे राहत नाहीत त्यांच्यापर्यंत एका रात्रीत पोहोचता आले नाही, हे दुसरे. दोन्ही उत्तरांचे प्रमाण किती, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

तीच पद्धत यंदाही राहिली, तर फेब्रुवारीअखेरच्या त्या रात्री नेर तालुक्यातील गणक बसस्थानकावर जाईल, देवळाच्या ओवऱ्या पाहील, बाजारओट्यांवर विजेरी टाकील. त्या सुमारास तुरी निघालेल्या असतात, हरभरा काढणीला आलेला असतो आणि डेरे गावापासून दोन-तीन किलोमीटर आत, कुणाच्या तरी मोकळ्या वावरात उतरलेले असतात. ते नेमके कोणत्या वावरात आहेत, हे तहसील कचेरीच्या कोणत्याही कागदावर नसेल. गणकाला ते पोलीस पाटलाकडेच विचारावे लागेल.